टोकावरचा हिवाळा

आज सकाळी टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालताना वारा बदलल्याचं लक्षात आलं. कालपर्यंत त्यात खाडीचा दमटपणा होता. आजचा वारा कोरडा होता आणि त्याने ओल्या टॉवेलचा कोपरा माझ्या तोंडावर मारला. आत टीव्हीवर हवामानाचा नकाशा लागला होता. जपानवर उभ्या रेघा एकमेकींना खेटून आलेल्या. पश्चिमेला जास्त दाब, पूर्वेला कमी, म्हणजे हिवाळा आला, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतं. बाकीच्यांना त्या रेघा पाहून जाड कोट आठवतात. माझा जबडा आवळला जातो. उत्तरेत आता समुद्र फुगला असेल, वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहत असेल, आणि त्या काळ्या टोकाशी लाटा वळायला लागल्या असतील.

सेंदाईत मी चार वर्षं पोस्टडॉक होते. त्यातला शेवटचा हिवाळा आठवायला बसले की लॅब आठवतच नाही. पाणी आठवतं. इतकं गार, की गार हा शब्द त्याला पुरत नाही. कपाळावर आधी काहीच जाणवत नाही, मग दोन भुवयांच्या मधोमध कुणीतरी खिळा ठोकावा तशी कळ येते, आणि ती जायच्या आत पुढची लाट आलेली असते.

ते ठिकाण सेंदाईपासून गाडीने दोन तासांवर होतं. डोंगराची एक सोंड समुद्रात घुसलेली, तिच्या शेवटाला काळे खडक. भर समुद्रातून आलेली लाट आधी त्या टोकावर आपटायची आणि मग सोंडेच्या कडेकडेने, एखादं पान उलटावं तशी, आतल्या बाजूला मोडत यायची. सर्फिंग करणारे अशा लाटेसाठी जीव टाकतात, कारण ती लांबवर चालते आणि रोज त्याच जागी मोडते. आत गोट्यांचा एक छोटा किनारा होता. त्या किनाऱ्याला लागणं जमलं तर बरं. नाही जमलं तर प्रवाह तुम्हाला पुढे नेणार, मच्छीमार बंदराच्या धक्क्याकडे, जिथे मरीन ड्राइव्हला आहेत तसे काँक्रीटचे टेट्रापॉड एकमेकांत अडकवून रचलेले होते. त्यांच्या फटींतून पाणी आत ओढलं जायचं आणि मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा. पार्किंगमध्ये उभं राहिलं तरी तो ऐकू यायचा.

मला तिथे नेलं कुदो-साननी. ते आमच्या लॅबचे टेक्निशियन, साठी ओलांडलेले, मार्चअखेरीला निवृत्त होणार होते. व्हॅक्यूम चेंबरचा कुठला नट किती पिळायचा हे त्यांच्या बोटांना माहीत होतं. माझं आडनाव जोशी. जपानीत जोशी म्हणजे बाई, आणि त्यातला ओ जरा लांबवला तर साहेब. पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं तेव्हा सगळे गोंधळून हसले होते. कुदो-सान हसले नाहीत. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि चार वर्षांत एकदाही ओ लांबवला नाही. चेंबरमधली हवा उपसली जाईपर्यंत तासन्‌तास बसून राहावं लागे, त्यात एकदा त्यांनी विचारलं, मला पोहता येतं का. मी सांगितलं, सांगलीत वडिलांनी पाठीला डबा बांधून कृष्णेत ढकललं होतं, दहाव्या वर्षी मी पलीकडच्या काठाला हात लावून परत यायचे. त्यांनी मान हलवली. पुढच्या रविवारी त्यांच्या गाडीच्या टपावर एकाऐवजी दोन बोर्ड होते. दोन उन्हाळे मी वाळूच्या, मऊ लाटांच्या किनाऱ्यावर त्यांच्याकडून शिकले. टोकावर त्यांनी मला तिसऱ्या वर्षी नेलं, आणि भर हिवाळ्यातली टोकावरची लाट त्यानंतरच्या वर्षी.

मोठ्या त्सुनामीनंतर सहा वर्षं ते स्वतः समुद्रात उतरले नव्हते. हे मला लॅबमधल्या दुसऱ्या कुणीतरी सांगितलं. पुन्हा का उतरले, हे मी विचारलं नाही.

जानेवारीतल्या काही सकाळी डोळ्यांपुढून जात नाहीत. उजाडता उजाडता पाण्यावर वाफ उठलेली असायची. तिकडे तिला केआराशी म्हणतात. हवा पाण्याहून इतकी गार, की समुद्र चुलीवर ठेवल्यासारखा दिसायचा. आम्ही गाडीच्या मागच्या दाराआड उभे राहून वेटसूट चढवायचो. रबर कडक झालेलं, बोटं वाकत नाहीत, डोक्यावर टोपरं, हातमोजे, बूट. उघडा राहायचा तो फक्त चेहऱ्याचा एक गोल. कुदो-सान घरून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये कडकडीत पाणी भरून आणायचे आणि कॅन गोधडीत गुंडाळून ठेवायचे. परत आल्यावर ते एकमेकांच्या मानेतून सूटमध्ये ओतायचं. त्या क्षणी तोंडातून जो आवाज निघायचा तो मराठीही नव्हता आणि जपानीही. मग व्हेंडिंग मशीनमधलं मक्याचं सूप, दोन्ही हातांत धरून.

उतरायच्या आधी त्यांचा नियम होता, खडकावर उभं राहून तीन सेट पाहायचे. लाटा एकेकट्या येत नाहीत, तुकडीने येतात. चार, पाच, सहा, मग थोडी शांतता, मग पुढची तुकडी. त्या शांततेत एका सपाट खडकावरून बोर्ड छातीशी धरून उडी मारायची आणि पुढचा सेट यायच्या आत हाताने वल्हवत बाहेर निघायचं. उडी दोन सेकंद उशिरा पडली तर खडकावरच आपटणार. माझ्या हनुवटीखाली अजून त्याची खूण आहे.

आणि तरीही मी दर रविवारी जात होते. चांगली लाट मिळायची तेव्हा पायाखाली बोर्ड थरथरायचा, उजव्या हाताला पाण्याची हिरवी भिंत उभी राहायची, आणि वीस सेकंद डोक्यात एकही वाक्य नसायचं. त्या वीस सेकंदांसाठी मी आठवडा काढायचे.

बाकीचा आठवडा वाईट होता. दोन वर्षांच्या मोजमापांत मुळातच चूक निघाली होती. माझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपणार होतं. निखिल, माझा नवरा, टोकियोतल्या एका आयटी कंपनीत, आणि सहा वर्षांची आर्या त्याच्याबरोबर ग्योतोकुला. मी महिन्यातून एकदा शिनकानसेन या बुलेट ट्रेनने जायचे. आर्या माझ्या मराठीला जपानीत उत्तर द्यायची, त्याची सवय झाली होती. पण त्या जानेवारीत स्टेशनवर मला सोडायला आली असताना ती हात हलवत जे म्हणाली, ते इथे घरी येऊन गेलेल्या पाहुण्यांना म्हणतात. पुन्हा भेटायला या हं. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. निखिलला ते ऐकूच आलं नाही. मी गाडीत बसले आणि सेंदाई येईपर्यंत समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिले.

निखिलला मी सांगितलं होतं की रविवारी लॅबला जाते. वाळूवरचं, उन्हाळ्यातलं सर्फिंग त्याला माहीत होतं, त्याचे फोटो त्याने सांगलीला माझ्या आईलाही पाठवले होते. टोकाबद्दल त्याला काही माहीत नव्हतं.

फेब्रुवारीतला तो रविवार. आदल्या दिवशी होक्काइदोच्या बाजूने वादळ गेलं होतं. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हाच टेट्रापॉडचा आवाज वेगळा होता. श्वासाचा नव्हे, ट्रकमधून दगड ओतावेत तसा. थोडा थोडा बर्फ पडत होता आणि पाण्याला लागताच नाहीसा होत होता. कुदो-सान खडकावर उभे राहिले. तीन सेट झाले, चार झाले, पाच झाले. प्रत्येक सेटमधली शेवटची लाट टोकाच्या बाहेर, जिथे कधी मोडत नाही तिथे मोडत होती. मी सूट चढवून तयार होते. ते अजून कोटात होते.

बऱ्याच वेळाने ते समुद्राकडेच पाहत म्हणाले, "आज जरा..."

आणि थांबले.

जपानमध्ये चार महिने काढलेल्या माणसालाही या अर्धवट वाक्याचा अर्थ कळतो. मी चार वर्षं काढली होती. आज जरा, म्हणजे आज नाही. पण मी ते वाक्य जसं होतं तसंच घेतलं, अर्धं. म्हटलं, तुम्ही थांबा, मी कडेला बसून एक लाट घेते आणि येते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सपाट खडकाकडे गेले, शांतता मोजली आणि उडी मारली.

बाहेर पोचले ते नीटच. बोर्डवर बसून वळून पाहिलं तर कुदो-सान खडकावर एवढेसे दिसत होते. वाफेत किनारा मधेच जायचा, मधेच यायचा. पहिल्या सेटमधली एक लहान लाट मी घेतलीही असती. पण मी थांबले, मोठीसाठी.

मोठी आली तेव्हा आधी क्षितिज जाडं झालं. मी चुकीच्या जागी होते, आठदहा हात आत. वल्हवत वर चढायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि ती माझ्यावरच मोडली. मग वरखाली काही राहिलं नाही. पाणी काळं होतं, कानात घुमत होतं, आणि घोट्याला बांधलेली दोरी, जिला बोर्ड जोडलेला असतो, ती ताणली गेली, ताणली गेली आणि एकदम सैल पडली. वर आले तेव्हा बोर्ड नव्हता. दुसरी लाट तिथेच होती. तिच्या खालून गेले. तिसरीच्या खालून गेले तेव्हा श्वास पुरा नव्हता आणि घशात मीठ गेलं.

डोकं वर काढलं तर गोट्यांचा किनारा मागे पडलेला. प्रवाह मला धक्क्याकडे नेत होता. माझा पांढरा बोर्ड टेट्रापॉडवर आपटताना दिसला, एकदा, दोनदा, आणि मग त्याचे दोन तुकडे झाले. मी धक्क्यापासून चाळीस-पन्नास हातांवर असेन. काँक्रीटवरचं शेवाळ दिसत होतं. धक्क्यावर कुणीतरी विसरलेली निळी बादलीही दिसत होती. आणि माझं सगळं अंग तिकडेच जायला बघत होतं, कारण ती जमीन होती. हातांना बोटं आहेत हे कळत नव्हतं. पाय जड झाले होते. मी जमिनीकडे हात मारायला लागले.

तेव्हा हाक ऐकू आली. बर्फातून, त्या आवाजातून, एकच शब्द, पुन्हा पुन्हा. "ओकी! जोशी-सान, ओकी!"

ओकी म्हणजे किनाऱ्यापासून लांबचा, भर समुद्र. कुदो-सान पाण्यात होते. मोडणाऱ्या लाटांच्या पलीकडे, बोर्डवर पालथे, एक हात वर करून समुद्राकडे दाखवत. अंगावर सूट, पण डोक्यावर टोपरं नव्हतं. पांढरे केस ओले होऊन कपाळाला चिकटलेले. ते मला सांगत होते की जमीन सोड आणि लांब जा.

ते दोनतीन क्षण मी विसरू शकत नाही. इकडे निळी बादली, तिकडे राखाडी पाणी आणि त्यावर एक म्हातारा माणूस. मी वळले. आर्याचा चेहरा वगैरे डोळ्यांपुढे आला नाही, लोक म्हणतात तसं काही झालं नाही. फक्त कृष्णेत वडील काठावरून ओरडून शिकवायचे तो वल्ह्यासारखा लांब हात आठवला आणि तो मी मारायला लागले. समोरून लाट आली, तिच्या पोटात घुसले, पलीकडे निघाले. अजून एक. अजून एक, जिने मला पुन्हा निम्मं मागे नेलं. मी रडत होते, पण रडायलाही श्वास लागतो म्हणून ते बंद झालं. मग लाटा मोडायच्या थांबल्या, नुसत्या वरखाली व्हायला लागल्या, आणि माझा हात कशाला तरी लागला. बोर्डची शेपटी. बोटं मिटत नव्हती, म्हणून मी दोन्ही कोपरं त्यावर टाकली.

कुदो-सान पुढे वल्हवत होते, मी मागून पाय मारत होते. धक्क्याच्या टोकाला मोठा वळसा घालून आम्ही बंदराच्या तोंडातून आत शिरलो. आत पाणी तळ्यासारखं होतं. किती वेळ लागला ते त्यांनाही सांगता आलं नाही. होडी ओढायच्या उतारावर मी गुडघ्यांवर पडले आणि बराच वेळ तशीच राहिले.

तिथे एक आजी कालवं धूत होत्या. रबरी बूट, फुलाफुलांचा डोक्याला रुमाल. त्यांनी नळी आमच्याकडे वळवली, गरम पाण्याची, आणि आम्हाला भिजवता भिजवता कुदो-सानना फैलावर घेतलं. तिकडची बोली मला अर्धीच कळायची, पण इतकं कळलं, या वयात, असल्या दिवशी, परक्या देशाच्या पोरीला घेऊन, तुला लाज कशी वाटत नाही, या समुद्राने अजून किती न्यायला हवेत. कुदो-सान मान खाली घालून उभे होते. ओठ निळे पडलेले. दर थोड्या वेळाने कंबरेतून वाकून माफी मागत होते. एकदाही त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही. मला तोंड उघडायचं होतं. जबडा इतका थडथडत होता की शब्द होत नव्हता. निदान त्या दिवशी मी स्वतःला तसंच सांगितलं.

गाडीत हीटर पूर्ण चालू करून आम्ही पार्किंगमध्येच बसून राहिलो. काचा धुरकटल्या. त्यांची बोटं स्टिअरिंगवर होती. त्यांनी सुरुवात केली ती माफीनेच. म्हणाले, तुम्ही परदेशी आहात, मी स्पष्ट बोलायला हवं होतं, उतरू नका असं म्हणायला हवं होतं. चूक माझी.

मला निसटायला वाट सापडली होती. त्यांनीच दिली होती, आणि कुणाला कधी कळलं नसतं. मी काचेकडे पाहत म्हटलं, "मला कळलं होतं, कुदो-सान. आज जरा म्हणजे काय ते मला कळलं होतं."

त्यांनी मान हलवली, मी पोहता येतं म्हणाले होते तेव्हा हलवली होती तेवढीच, आणि गाडी सुरू केली. सेंदाईत माझ्या दाराशी मला सोडताना म्हणाले, घरी सांगा. मी विचारलं, काय सांगू. ते म्हणाले, सगळं.

त्या संध्याकाळी मी निखिलला फोन केला. लॅबचं खोटं, टोक, लाट, बोर्डचे तुकडे, सगळं एका दमात सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने फक्त तुला कुठे लागलंय का एवढं विचारलं, आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी तो आर्याला घेऊन सेंदाईला आला. रविवारी सकाळी म्हणाला, ती जागा दाखव.

मी दाखवली. कुदो-सानही आले होते. त्या दिवशी समुद्र शांत होता, टोकाशी कमरेएवढ्या लाटा नीट, सावकाश मोडत होत्या. कुदो-सान आर्याला घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावर शिंपले बघत होते आणि दोघं जपानीत भराभर बोलत होती. निखिल आणि मी त्या सपाट खडकावर उभे होतो. त्याने धक्का पाहिला, टेट्रापॉड पाहिले. त्याचा एक हात कोटाच्या खिशात मुठीत आवळलेला होता, ते मला बाहेरून दिसत होतं.

मग त्याने विचारलं, "त्या वेळी तुला परत यायचं होतं ना?"

मी लगेच हो म्हणणार होते. पण त्या माणसाशी मी एक अख्खा हिवाळा खोटं बोलले होते.

"उडी मारली तेव्हा मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "पाण्यात कळलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याचा खालचा ओठ हलला आणि त्याने तो दातांत धरला. खाली लाट आली आणि गेली. अजून एक आली. खडकावर पाणी चढलं आणि फटींतून निथळत परत गेलं.

"सूट आणलायस?" त्याने विचारलं.

गाडीत होता. कुदो-साननी त्यांचा जुना बोर्डही टपावर बांधून आणला होता.

"मग जा," निखिल म्हणाला. "आज माझ्यासमोर जा. मी इथेच उभा राहतो."

मी सूट चढवला, आणि मानेमागची चेन त्याने लावली. त्याची बोटं गार होती. तीन सेट मी पाहिले, आणि माझ्याबरोबर तोही. मग शांतता आली. लाटा कमरेएवढ्याच होत्या, उन्हाळ्यात आर्यालाही मी त्यांत नेलं असतं. तरी खडकाच्या कडेवर पोचले आणि एक पाऊल मागे सरले. त्या अख्ख्या हिवाळ्यात मला समुद्राची अशी भीती एकदाही वाटली नव्हती. ती वाटते आहे हे लक्षात आलं तेव्हा मी बोर्ड छातीशी घट्ट धरला आणि उडी मारली.